खडूची खोली

"भिंतीतून नको येऊस, आई! दार इकडे आहे."

आई थबकली. ऑफिसच्या गच्चीवर आर्किटेक्टनं खडूनं अख्खी खोली आखली होती, खऱ्या मापाची. ही त्याची जुनी खोड. कागदावर कुठलीही खोली गोडच दिसते, तिचा खरा स्वभाव पायांना कळतो, असं त्याचं म्हणणं. पलंग खडूचा, कपाट खडूचं, न्हाणीघरही खडूचं. शहरात भर वस्तीत उभ्या राहणाऱ्या वृद्धाश्रमात अशा चाळीस खोल्या व्हायच्या होत्या. मापं आज पक्की करायची होती, उद्यापासून भिंतींचं काम सुरू होणार होतं.

आई निमूट मागे फिरली आणि दारातून आत आली. वर चपलाही बाहेर काढून ठेवल्या.

खोली तपासायला सत्तरी ओलांडलेलं, चोखंदळ माणूस हवं होतं आणि ते त्याच्या घरातच होतं. "त्यांना नेऊ नका, भलताच अर्थ काढतील," असं बायकोनं बजावलं होतं. तेव्हा तो हसला होता. आता मात्र त्याचं हसू मावळलं. उद्याच सामान हलवायचं असावं, तशी आई एकेक कोपरा निरखत होती. आपल्याला इथे आणून टाकणार, असं तिला वाटलं तर?

"पलंग आखूड आहे," आई म्हणाली.

"अगं, तू पाच फूटसुद्धा नाहीस. यात तू दोनदा मावशील."

"पाय बाहेर लोंबतील माणसाचे. चांगला वीतभर वाढव."

सहा फुटी आर्किटेक्ट मुकाट्यानं गुडघ्यांवर बसला आणि डाव्या हातातल्या खडूनं पलंग वाढवला. मग आईनं आरसा वर घ्यायला लावला. इतका वर, की तिला त्यात फार तर स्वतःचा अंबाडा दिसला असता. दिव्याचं बटण उजवीकडून डावीकडे गेलं. उशाशी चष्म्यासाठी कोनाडा आला. आईला अजून चष्मा लागला नव्हता आणि त्याचा तिला कोण अभिमान! पंचवीस वर्षांच्या अनुभवाला आज कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. दोन खडू संपले. उठताना गुडघा असा कळवळला, की तो आधारासाठी चक्क खडूची भिंत धरायला गेला.

आईनं ते बरोबर टिपलं. "इथे कठडा हवा," ती म्हणाली.

आता मात्र त्याला राहवेना. खडू टाकून तो आईसमोर फतकल मारून बसला. चष्मा काढून त्यानं डोळे पुसले आणि ते लपवायचंही त्याला सुचलं नाही.

"आई, शप्पथ सांगतो. तुला इथे ठेवायचं माझ्या स्वप्नातही नाही. तू आपल्या घरीच राहायचंस. कायम."

आई खळखळून हसली आणि त्याच्या केसांना लागलेली खडूची पूड पदरानं झटकू लागली.

"मी कशाला येतेय इथे, वेड्या? मला बघायला तू आहेस. तू म्हातारा होशील तेव्हा मी नसेन, म्हणून आजच सगळं बघून ठेवतेय."