सतरावर थांबायचं

एक्का म्हणजे एक किंवा अकरा. शेगडीवर भाजलेल्या लाल मिरच्यांचा वास. एकवीसच्या पुढे गेलात की मेलात. लहानपणी त्याच शेगडीला टेकलेलं लेकीचं डावं मनगट.

प्लोव्दिवच्या स्वयंपाकघरात म्हातारी त्सोन्का मुलाकडून मोबाइलवरचा ब्लॅकजॅक, पत्त्यांचा जुगार, शिकत होती. पडद्यावर थेट पानं वाटणारी मुलगी हुबेहूब तिच्या लेकीसारखी, नेव्हेनासारखी होती, आणि तिला लिहून विचारायचं तर आधी खेळावं लागे.

"वाटणारी सतरावर थांबते, आई. तूही कुठंतरी थांब," किरिल म्हणाला.

"डाव लाव आणि गप्प बस."

त्सोन्कानं लिहिलं, नेव्हेना, तूच ना?

मुलीनं वाचलं आणि मान डावीकडून उजवीकडे हलवली.

"बघ, नाही म्हणाली."

"आपल्याकडं 'हो' असंच म्हणतात रे."

"तिथं कॅसिनोत त्यांना उलटं शिकवतात, आई. बाकीच्या जगाचं 'नाही' असतं ते."

मुलीच्या पानांची बेरीज सतरा झाली. हात थांबले. मान मात्र हलतच राहिली, डावीकडून उजवीकडे, डोळे थेट त्सोन्कावर. बाही वर सरली. भाजल्याचा डाग तिथंच होता.

किरिलनं मोबाइल पालथा घातला.

मार्चमध्ये नेव्हेनाला दफनाआधीची शेवटची आंघोळ त्सोन्कानंच घातली होती.