गोळ्यांचं उद्यापन

"गाठी गेल्या तरी ही गोळी बंद करायची नाही, ताई. काविळीचा जुना विषाणू यांच्या अंगात दबा धरून बसलाय. केमो संपल्यावरही वर्षभर रोज द्या," असं सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी विजयमालाला बजावलं होतं.

केमो संपली, तिच्या नवऱ्याच्या, नाथाजींच्या मानेवरच्या गाठी विरल्या. विजयमालानं सोळा सोमवारांचं उद्यापन केलं. सासूबाई म्हणाल्या, "देवानं बरं केलंय. आता गोळ्या चारून त्याच्यावरच संशय घेतीस व्हय?" तिलाही ते पटलं. निर्माल्याबरोबर तिनं गोळ्यांची पाकिटंही हात जोडून कृष्णेत सोडली.

चौथ्या महिन्यात नाथाजींचे डोळे पिवळे झाले. लिव्हर गेलं. जाताना ते तिला एवढंच म्हणाले, "उपास लय झालं तुजं. आता घरातल्या समद्यांचं रक्त तपासून घे. ह्यो आजार कुणाला लागला असला तर? शब्द दे."

भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "लय केलंस गं नवऱ्यासाठी. एक सोमवार चुकला न्हाई तुजा." विजयमालाला रडू काही येत नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी तिनं लेकीची, प्रांजलची वेणी घातली आणि दाराशी आली.

"सुतकात उंबरा वलांडतीस?" सासूबाई कडाडल्या. "तेराव्यापतूर दम न्हाई तुला?"

"चपला घाला, आत्ती," विजयमाला खालच्या आवाजात म्हणाली. "तुमचं बी रक्त तपासायला सांगून गेल्यात ते."

आणि लेकीचा हात धरून ती एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागली.