येते हं

म्हातारी दारातल्या खुर्चीवरून हलायला तयार नव्हती. मांडीवर गाठोडं, पायांत बूट, आणि पाय इतके सुजलेले की नाड्या कातडीत रुतल्या होत्या.

"काल दुपारपासून अशाच बसल्यात," वृद्धाश्रमातली परिचारिका सांगत होती आणि दुभाषी बाई मराठीत आणत होत्या. "जेवल्या नाहीत, आडव्या झाल्या नाहीत. संध्याकाळी उचलून न्यायला गेलो, तर ओरडून सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला."

मदतपथकातल्या फिजिओबाई दारातच थबकल्या. विसरलेलं शेकायचं मशीन उचलायचं आणि थेट विमानतळ गाठायचा, एवढ्यापुरती बस इथे थांबली होती. मदतपथक या परक्या देशात आठवडाभर राबलं होतं. फोटो झाले, भाषणं झाली, काल निरोपही झाले. पथकाचे प्रमुख डॉक्टर बसच्या दारात उभे होते, आणि आता हे काय नवीन, असा त्यांचा चेहरा होता.

"पण आजी बसल्यात कशासाठी?"

परिचारिकेनं फिजिओबाईंकडेच बोट दाखवलं. दुभाषी बाई घुटमळल्या. लग्न होऊन इकडे आलेल्या, पण मूळच्या आपल्याकडच्याच. "त्या म्हणतायत, तुम्हीच काल सांगून गेलात. येते म्हणून."

"मी? अहो, मी निरोप घेत होते!"

"हो ना. तुम्ही 'येते हं' म्हणालात, आणि मी आपलं तसंच्या तसं सांगून टाकलं. आजींना वाटलं, तुम्ही न्यायला येणार, सामान घेऊन तयार राहायचंय. चुकलंच माझं, ताई."

चूक कोणाची म्हणायची? लहानपणी फिजिओबाईंच्या तोंडातून "जाते" निघालं की आईचा धपाटा बसायचा. "जाते काय, मेले? जाणारं माणूस परत येत नाही. येते म्हणावं." त्या धाकानं जिभेला असं वळण लागलं होतं की उभ्या जन्मात तो शब्द त्यांनी निघताना उच्चारला नव्हता.

बसचा हॉर्न वाजला. "चला हो, विमान चुकेल," डॉक्टर ओरडले. "पुढच्या वर्षी नेतो म्हणावं. बिचारीला तेवढंच बरं वाटेल."

पुढच्या वर्षी पथक भलत्याच देशात जाणार होतं, हे डॉक्टरांनाही ठाऊक होतं. आणि म्हातारी तोवर हीच खुर्ची धरून बसली असती, याबद्दल फिजिओबाईंना शंका नव्हती. त्या खाली बसल्या. बुटांच्या नाड्या सोडवल्या, सुजलेली पावलं हातात घेतली. याच पावलांना त्यांनी आठवडाभर उभं राहायला शिकवलं होतं. त्यांना रडू येत होतं आणि रडायची लाजही वाटत होती.

"सांगा त्यांना. मी जाते आहे. परत येणार नाही."

"असं तोंडावर?"

"असंच."

दुभाषी बाईंनी सांगितलं. म्हातारी रडली नाही, चिडली नाही. गाठोड्याची गाठ चाचपत राहिली. मग तिनं काहीतरी विचारलं.

"आजी विचारतायत, हे तुमच्या भाषेत कसं म्हणतात?"

फिजिओबाईंनी ती पावलं हळूच जमिनीवर टेकवली. "जाते," त्या म्हणाल्या.

म्हातारीनं आवाज न करता ओठ हलवून बघितले. वॉकर जवळ ओढला आणि उठली. परिचारिकेनं पुढे केलेली जेवणाची ताटली हातानं बाजूला सारली. कोणाचा आधार न घेता ती खाटेपर्यंत चालत गेली, आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"जाते," ती म्हणाली. अगदी स्वच्छ मराठीत.