अंगणातला ऑक्टोपस

“कमळच काढजो. अन् मान वर करू नको,” कलाबाईंनी रांगोळीची वाटी छायाच्या हातात कोंबली आणि स्वतः दाराआड गेल्या. परक्या पुरुषांसमोर घरच्या बाईनं यायचं नाही, ही मोहगावच्या त्या घराची रीत. दाखवायची मुलगी तेवढी बाहेर. कलाबाईंनी ती रीत लग्न होऊन आल्यापासून पाळली होती, आणि लेकीला वळण लावायला तर त्या हात धुऊन मागं लागल्या होत्या.

अंगणात पांढुर्ण्याचे पाहुणे खुर्च्या टाकून बसले होते. संत्र्याचे बडे व्यापारी रघुनाथराव, त्यांची बायको अंबाबाई आणि उपवर मुलगा रवींद्र. पोहे झाले, चहा झाला. आता रांगोळी. रांगोळी काढताना मुलीचा हात थरथरतो का, ती वाकते कशी, उठताना गुडघा धरते का, सगळं आपसूक दिसतं. आधीच्या स्थळांनीही छायाचं कमळ पाहिलं होतं. ‘कळवतो’ म्हणून गेले ते गेलेच. तिला त्या कमळाचा वीट आला होता.

तिनं चिमूट सोडली. पाकळी नाही, एक मोठा गोल. कांद्यासारखा, वर जरा निमुळता. त्यात दोन टपोरे डोळे. डोळ्यांखाली ऐसपैस हसू. मग गोलाखालून एक पाय निघाला आणि वळणं घेत तुळशीकडं गेला. त्याच्या शेजारून दुसरा.

“हे काय काढून राहिली, बाई?” अंबाबाईंनी विचारलं.

“ऑक्टोपस. सौंसरच्या बसस्टँडवर व्हिडिओ गेम आहे न, त्यातला. बाकी सारे मासे गेममधल्या आपल्या माणसाला खातात. हा एकटाच त्याला डोक्यावर बसवून वर आणते.”

तिच्या वडिलांचा, भैय्याजींचा, चेहरा पडला. कॉलेजातून येताना बस उशिरा मिळते हे त्यांना ठाऊक होतं. तोवर पोरगी काय करते, हे ठाऊक नव्हतं. कलाबाईंना ठाऊक होतं. त्यांनी त्यापायी तिला एक ठेवूनही दिली होती.

“पोट्ट्यांच्या त्या अड्ड्यावर तू जाते?” रघुनाथरावांनी विचारलं.

“जाते न. अन् चांगली खेळते.”

रवींद्र आपल्या चपलांकडं पाहत बसला.

“भैय्याजी, पोरगी तशी आमच्या मनात भरली होती,” रघुनाथराव म्हणाले. “हे पुसून कमळ काढू द्या. आम्ही काही पाहिलंच नाही असं समजू.”

भैय्याजींनी लेकीकडं पाहिलं. हात तेवढे जोडायचे बाकी होते. बापाचा तो चेहरा छायाला पाहवेना. कमळ काढायला वेळ तो कितीसा लागणार! पण आज हे पुसलं, तर पुढं जन्मभर पुसतच बसावं लागेल. तिनं नवी चिमूट घेतली आणि तिसरा पाय काढायला लागली.

रघुनाथराव उठले. चपलेसकट पाय पुढं घातला आणि ऑक्टोपसवरून फरफटत नेला. पाय गेले, अर्धं हसू गेलं.

“झालं साफ. काढ आता कमळ.”

त्या घरात रांगोळीवर कोणी पाय देत नसे. भैय्याजीसुद्धा सकाळी वावरात जाताना वळसा घालून जायचे. छायाचे डोळे रागानं भरून आले.

दार उघडलं. डोक्यावरचा पदर सावरत कलाबाई पायऱ्या उतरल्या आणि भर पाहुण्यांतून चालत आल्या. आता पाठीत धपाटा बसणार, म्हणून छायानं अंग चोरलं.

“अवं, घरात जाय,” भैय्याजी दबक्या आवाजात म्हणाले.

कलाबाई गेल्या नाहीत. रघुनाथरावांच्या पायाशी येऊन त्यांनी बसकण मारली.

“पाय उचला. माह्या पोरीची रांगोळी आहे.”

रघुनाथराव मागं सरकले. कलाबाईंनी वाटीतली चिमूट घेतली, मोडलेल्या गोलापाशी हात नेला आणि लेकीकडं वळून विचारलं, “हं, सांग. पाय इथूनच निघते न त्याचा?”