उलटी माळ

१९५६ साली वैनगंगेकाठच्या कोष्टीपुऱ्यात पत्त्यांचा माग आला. पुठ्ठ्याच्या पत्त्याला भोक दिसलं की धागा उचलायचा, एवढीच भाषा त्याला कळे. माझ्या थोरल्या बहिणीने, रंभाने, अर्धं फूल विणून झाल्यावर पत्त्यांची माळ उलटी फिरवून निम्म्या पत्त्यांत पूर्ण फूल विणलं. विणकर सोसायटीचे प्रमुख गुणवंतराव यांनी त्या पत्त्यांवर ‘प्रायोगिक’ शिक्का मारला. मंजुरीपर्यंत वापरायचे नाहीत. रंभाने त्यांवरच स्वतःच्या लग्नाची साडी विणायला घेतली. “काऊन वं, शिक्का दिसत नाई तुले?” गुणवंतराव गरजले. “भाऊ, मागाले कुठी वाचता येते? त्याले भोकंच दिसतेत.” सगळे हसले. गुणवंतरावांनी कात्रीने पदर मागावरच कापला. रंभा उसन्या साडीत बोहल्यावर चढली. पुन्हा मागावर बसली नाही. वर्षभरात पत्ते मंजूर झाले. गुणवंतरावांची मुलगी तीच फुलं नेसून सासरी गेली. रंभा वारल्यावर तिच्या पेटीत पदराचा तो कापलेला तुकडा मिळाला. त्यावर अर्धंच फूल आहे.