तोफ आणि टोपी

कडी तिसऱ्या खेपेला लागली. जिला अख्खी शाळा ‘तोफ’ म्हणायची ती आठवीतली मुलगी संडासात बादली उलटी घालून बसली होती. फिनेलचा वास नाकात गेलेला.

शेजारच्या शाळेत गोवराची साथ आली होती, म्हणून हॉलमध्ये नर्सबाई सगळ्यांना लस टोचत होत्या. सकाळी तोफेनेच वर्गात भाषण ठोकलं होतं, “मुंगी चावते तेवढंच! घाबरता काय?” मग रांगेत तिला सुई दिसली. बारीक, चकचकीत, थेट तिच्याकडेच बघणारी. पाय जे सुटले ते इथे येऊनच थांबले.

टक टक.

तिने श्वास रोखला.

“अगं, मी आहे. टोपी.”

टोपी तिच्याच बाकावर बसायची. मोठ्या आजारपणानंतर, डोक्यावर लोकरीची टोपी घालून गेल्याच आठवड्यात शाळेत परतलेली. आल्या आल्या तिनेच बजावलं होतं, “टोपी म्हणा, पण बिचारी म्हणायचं नाही हं!”

“बाईंना सांगितलंस तर बघ!” तोफ म्हणाली. आवाज उंदराचा निघाला. “तुझं बरंय, तुला रांगेतून सोडलंय. मजा आहे बाई एकेकीची!”

बाहेर नळ तेवढा ठिबकत होता.

“मला चालत नाही गं ती लस,” टोपी हळूच म्हणाली. “माझी औषधं चालू आहेत ना अजून. डॉक्टर म्हणाले, वर्गातल्या सगळ्यांनी घेतली तरच शाळेत बस. मला गोवर झाला तर... सगळ्यांनी घेतली. तू एकटीच राहिलीस. आई फाटकात उभी आहे. मला घरी न्यायला.”

तोफ बादलीवरून उठली.

कडी निघाली. दोघींनी एकमेकींचा हात धरला. दोन्ही हात बर्फासारखे गार.

हॉलमध्ये नर्सबाईंनी मान खाली घालूनच नवी सुई काढली. “हं, दोघींपैकी कोणाला द्यायचीय?”

तोफेने डोळे गच्च मिटले.

“हिला. माझ्या दंडातून,” तोफ म्हणाली, आणि स्वतःची बाही वर केली.