जिन्यातलं सामान

लाँड्रीवाल्याने वेताची खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि तो जिना उतरायला लागला. पसारेबुवा गिऱ्हाइकाकडे टेबल पोचवायला बाहेर पडला होता. तो परत यायच्या आत सगळं अंगणात काढायचं होतं.

पसारेबुवा हे नाव लाँड्रीवाल्यानेच ठेवलेलं. ते इतकं चपखल बसलं की इमारतीत त्याचं खरं नाव कुणाला आठवत नसे. चौथ्या मजल्यावर राहणारा हा माणूस मोडकं फर्निचर घरी आणून दुरुस्त करायचा. घरात जागा नाही, म्हणून गोंद वाळेपर्यंत सगळं जिन्यात. तिसऱ्या मजल्यावर लाँड्रीवाल्याच्या दारासमोर खुर्ची, खालच्या वळणावर स्टूल, दुसऱ्या मजल्यावर बाकडं. त्यात भुसा. इस्त्रीचे कपडे घरी आणावेत, तर दारापर्यंत पोचेस्तोवर त्यांच्यावर पिवळी पूड बसलेली. सांगून सांगून घसा कोरडा झाला होता. पसारेबुवा ओशाळून ‘उद्या उचलतो’ म्हणायचा आणि परवा आणखी एक तीन पायांची खुर्ची घेऊन यायचा.

भुशाचं एक वेळ चालून गेलं असतं. खरा राग होता तो बायकोपायी. गेल्या हिवाळ्यात ती याच जिन्यात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण भीती जाईना. डॉक्टर म्हणाले, जिना उतरा, चढा, नाहीतर पाय कायमचा आखडेल. रोज सकाळी दुकानात जायच्या आधी तो म्हणायचा, चल, एक मजला उतरू, मी धरतो. ती म्हणायची, उद्या बघू. एके काळी जिच्यापुढे भाजीवाले मुकाट्याने भाव उतरवायचे, ती बाई आता खिडकीत बसून रस्ता बघायची. या अडगळीत धडधाकट माणूस अडखळतो, तिथे तिची काय कथा? जिना मोकळा झाला की ती उतरेल, हे त्याने मनाशी पक्कं धरलं होतं.

म्हणूनच त्याने सगळ्या बिऱ्हाडांना गोळा करून ठरवून घेतलं, की यापुढे जिन्यात जे दिसेल ते अंगणात जाईल. माना सगळ्यांनी डोलावल्या. उचलायची वेळ आली तेव्हा मात्र कुणाची कंबर धरली, कुणाकडे अचानक पाहुणे आले. शेवटी भरदुपारी दुकान बंद करून तो एकटाच कामाला लागला.

खुर्ची गेली, स्टूल गेलं, बाकडं फरफटत गेलं. झाडूही मारून झाला. अंगणात घाम पुसताना त्याला फार बरं वाटलं. आता तिला दारात आणून हा मोकळा जिना दाखवायचा, म्हणून तो भराभर वर निघाला.

तिसऱ्या मजल्याच्या अलीकडच्या वळणावर त्याची बायको उभी होती. केस नीट विंचरलेले, पायांत बाहेरच्या चपला. दोन्ही हातांनी तिने कठडा घट्ट धरला होता.

“इथलं स्टूल कुठे गेलं?” तिने विचारलं.

अंगणात टाकलं, तुझ्यासाठीच, असं तो मोठ्या तोऱ्यात म्हणाला आणि मग त्याला दिसलं, की तिला आता उभं राहवत नाहीये. तो धरायला धावला. तिने मान हलवली. धरू नका, म्हणाली, स्टूल आणा.

तो इतक्या जोरात जिना तरुणपणीही उतरला नसेल. स्टूल आलं. ती बसली. श्वास जागेवर आल्यावर एकेक गोष्ट बाहेर पडली. तो दुकानात गेला की ती दार उघडायची. आधी नुसती दारासमोरच्या खुर्चीपर्यंत. तिथून खाली स्टूल दिसलं, तेव्हा वाटलं, तिथवर जाऊ आणि टेकू. मग बाकडं. पुढे बसायला काही आहे असं दिसलं की पाय आपोआप उचलतो, ती म्हणाली. पसारेबुवाने एकदा तिला बसलेलं पाहिलं, तेव्हा ‘डुगडुगत नाही ना?’ एवढंच विचारून तो आपल्या वाटेने गेला. तेव्हापासून खुर्चीचा, स्टुलाचा कुठला पाय कमीजास्त आहे ते ती त्याला सांगत असे. बाकड्याच्या खाली मात्र तिला अजून जमलं नव्हतं. तिथे काहीच नव्हतं.

मला का नाही सांगितलंस, असं त्याने विचारलं.

“तुम्ही दंडाला धरलंत ना, की मला पुन्हा पडल्यासारखं वाटतं.”

त्याला वाईट वाटलं आणि त्याच्या कितीतरी पट आनंद झाला. तो तिच्या खालच्या पायरीवर बसला. मग काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, बाकडं अजून डुगडुगतं का? डावीकडून थोडंसं, ती म्हणाली, आणि दोघांनाही हसू आलं.

संध्याकाळी दार वाजलं. पसारेबुवा खाली मान घालून उभा होता. अंगणातलं सामान त्याने पाहिलं होतं. तो स्वतःहूनच म्हणाला की चूक माझीच, रात्रीपर्यंत सगळं घरात घेतो, वेळ पडली तर स्वयंपाकघरात अंथरूण टाकीन, पण यापुढे जिन्यात एक खिळासुद्धा दिसणार नाही. आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज एकदम थांबला.

लाँड्रीवाल्याने डोकं खाजवलं. या माणसाशी भांडायची त्याला इतकी सवय झाली होती, की दुसरं काही बोलायला शब्द जुळवावे लागले.

“भुसा तेवढा रोज झाडत जा, बाकीच्यांना मी समजावतो,” तो म्हणाला. “सामान होतं तिथे नेऊन ठेवा. आणि पहिल्या मजल्यावर काहीच नसतं तुमचं, तिथेही एखादी खुर्ची टाका.”